टिकलीच्या गमचे सगळे रिपोर्ट पास, तरी सासूबाईंच्या कपाळावर पांढरा डाग. या चाचण्या नेमकं काय तपासतात?

बार्शीची_सून

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा अशी विनंती.

आमचा बार्शीत टिकल्यांचा घरगुती धंदा आहे. मखमलीची शीट मुंबईच्या व्यापाऱ्याकडून गम लावूनच येते, मागे रिलीज पेपर असतो. आम्ही ती डायवर पंच करतो, काहींवर खडे चिकटवतो आणि पाकिटं भरतो. मी, जाऊबाई आणि गल्लीतल्या सहा जणी. नऊ वर्षं झाली, आजवर एक तक्रार नाही.

सासूबाई आमचीच मरून टिकली लावतात, १२ मिलिमीटरची. आंघोळ झाली की टिकली, रात्री काढून आरशाच्या कडेला, सकाळी परत तीच. एक टिकली तीन-चार दिवस जाते. मार्चमध्ये एका रात्री त्यांनी टिकली काढली आणि मला हाक मारली, "अगं, इथं काय लागलंय बघ." मला वाटलं घामाने कातडी पांढुरकी पडली असेल. ओल्या फडक्याने पुसलं, खोबरेल लावलं. गेलं नाही. टिकलीएवढाच गोल, पांढराफटक डाग. आता त्याच्या कडेला मोहरीएवढे आणखी चार ठिपके आलेत.

गल्लीत लगेच "कोड फुटलं" सुरू झालं. सासूबाई देवळात जायच्या बंद झाल्या. धाकट्या नणंदेचं लग्न जमवायचं चाललंय, त्यामुळे घरात हा विषय निघाला की सगळे गप्प होतात. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळतंय. ती टिकली मी माझ्या हाताने पंच केलेली आहे, आणि त्याच शीटची पाकिटं सोलापूर, लातूर, धाराशिवच्या दुकानांत गेली आहेत.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सगळ्या टेस्ट पास आहेत," आणि तीन रिपोर्ट पाठवले. एकात गम त्वचेला जळजळ करत नाही असं आहे, दुसऱ्यात ॲलर्जी आणत नाही असं, तिसऱ्यात माणसांच्या पाठीवर पट्टी लावून बघितली, काही झालं नाही. माझा भाचा बी. फार्मला आहे. त्याने एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गममधलं रेझिन टाकून पाहिलं, तर "मॉडेलच्या कक्षेबाहेर" असं उत्तर आलं. तो म्हणतो, म्हणजे धोका नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही सांगता येत नाही.

तीन-तीन चाचण्या पास असतील तर डाग आला कुठून? संगणकाच्या उत्तरावर किती विसंबायचं? आणि मी व्यापाऱ्याकडे नेमकं काय मागू? श्रावणाच्या ऑर्डरी तोंडावर आहेत, चाळीस हजारांच्या शीटा घरात पडून आहेत. जाणकारांनी खरं काय ते सांगा. ऐकायला वाईट असलं तरी चालेल.

नागपूरकर_त्वचा

ताई, मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. फोटो किंवा वर्णन वाचून निदान करणार नाही, करूही नये. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींनी मी थांबलो. डाग टिकलीच्या बरोबर खाली आणि तिच्याच मापाचा. आणि कडेला अक्षता पडल्यासारखे बारीक ठिपके. रसायनामुळे रंग जातो तेव्हा हे दोन्ही पुष्कळदा दिसतं. आमच्याकडे याला केमिकल ल्युकोडर्मा म्हणतात.

आधी हे करा. टिकली आजपासून बंद. दुसऱ्या कंपनीची नको, ओलं कुंकूही तूर्त नको, त्यातल्या रंगांचाही काही जणींना त्रास होतो. कपाळ मोकळं ठेवा. आठवड्याभरात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि जाताना टिकलीचं पाकीट बरोबर न्या. डॉक्टर वुड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याखाली डाग बघतील. गरज वाटली तर पॅच टेस्ट करतील, म्हणजे संशयित पदार्थाची पट्टी पाठीवर लावतील, आणि ती ४८ व ९६ तासांनी वाचतील. कारण थांबलं की बऱ्याच जणांचा रंग हळूहळू परत येतो. काही महिने लागतात, औषधाने मदतही होते. लवकर थांबवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कधी कधी डाग जिथे टिकली लागलीच नाही तिथेही पसरतात.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा: हा डाग असो की कोड, दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत. देवळात जायला काहीच हरकत नाही.

पेट्रीडिश

ताई, मी पुण्याजवळच्या एका चाचणी प्रयोगशाळेत सोळा वर्षं होते, त्यातली शेवटची नऊ त्वचेच्या टेबलावर. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तुमच्या व्यापाऱ्याचे तिन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, आणि सासूबाईंचा डागही त्याच गमने आलेला असू शकतो. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. कसं, ते जळजळीच्या चाचणीवरून सांगते, कारण ती मी शेकडो वेळा केली आहे.

पूर्वी यासाठी सशाच्या पाठीवरचे केस काढून रसायन लावायचे. आता सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राणी वापरायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. त्याऐवजी माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून तयार केलेला थर मिळतो. लहानशा प्लास्टिकच्या कपाच्या तळाला नखाएवढी चकती, दिसायला भिजलेल्या कागदासारखी. तिच्यावर नमुना ठेवायचा, चकतीच्या प्रकारानुसार पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत. मग धुऊन काढायचा आणि चकती ४२ तास ३७ अंशांच्या कपाटात ठेवायची. नंतर तिला एमटीटी नावाचं पिवळं द्रावण पाजायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा रंग करतात. तीन तासांनी चिमट्याने चकती उचलली की लगेच कळतं. जगली असेल तर पिकल्या जांभळासारखी गर्द, मेली असेल तर फिकट. शेजारी मुद्दाम साबणासारख्या जहाल द्रावणाने मारलेली चकती ठेवलेली असते, ती पांढुरकीच राहते. मग रंग अल्कोहोलमध्ये उतरवून ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. निम्म्याहून अधिक पेशी जिवंत असल्या की रिपोर्टवर "जळजळ करत नाही" असं लिहायचं.

आता बघा. त्या नेहमीच्या चकतीत केरॅटिनोसाइट असतात, म्हणजे कातडीचा वरचा थर बनवणाऱ्या पेशी. रंग तयार करणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, त्यात नसतातच. ज्या पेशी तिथे नाहीत त्या मेल्या की जगल्या हे ती चकती कसं सांगणार? शिवाय नमुना तिच्यावर फार तर तासभर. सासूबाईंची टिकली रोज चौदा-पंधरा तास, वर्षानुवर्षं, एकाच जागी, बार्शीच्या उन्हाळ्यात घामाखाली दबून.

ॲलर्जीची चाचणीही अशीच आपल्यापुरतं बघते. रसायन प्रथिनाच्या तुकड्याला चिकटतं का हे २४ तासांनी मोजायचं, कातडीच्या पेशीत धोक्याची घंटा वाजते का बघायचं, आणि रोगप्रतिकारक पेशींसारख्या पेशी जाग्या होतात का बघायचं. तीनपैकी दोन जुळले की तो निकाल. रसायनांच्या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ही पद्धत मार्गदर्शक म्हणून स्वीकारली. चांगली पद्धत आहे, हजारो उंदीर आणि गिनीपिग वाचले. पण तिचा प्रश्न "खाज सुटेल का, पुरळ येईल का" एवढाच. पाठीवरची पट्टीही एक-दोन दिवस राहते आणि लाली आली का ते बघते. रंग गेला का, हे तिन्हींपैकी कुणी विचारलेलंच नाही. त्वचेचा रंग जाण्यासाठी ओईसीडीची स्वतंत्र प्रमाणित चाचणी नाही. रसायनांच्या धोक्याचं जे जागतिक वर्गीकरण आहे, ज्यातून डब्यांवरची लाल चौकटीतली चित्रं येतात, त्यातही "रंग घालवतं" असा वर्गच नाही.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात, रबरी हातमोजे पोहोचायचे तिथवर पांढरे पडले होते. मोज्यांच्या रबरात हायड्रोक्विनोनचा मोनोबेन्झिल ईथर नावाचं रसायन होतं, त्यानेच रंग गेला होता. पुढे गममधल्या रेझिनचा कच्चा माल पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल, आम्ही पीटीबीपी म्हणतो, तोही असाच निघाला. कोलकात्यात अशा ८६४ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. त्यात केसांच्या कलपाचा वाटा सगळ्यात मोठा होता, पण चिकट टिकलीही सुमारे १२ टक्के जणांत कारण ठरली होती. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली डाग आलेलेही त्यात होते.

आता झोप का लागली नाही ते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक चिकट पदार्थ आला होता. तीन चकत्या, तिन्ही गर्द जांभळ्या, सरासरी ९४ टक्के जिवंत. मीच सही केली. सहा-सात महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला की बायकांच्या तक्रारी येतायत, पांढरे डाग पडतायत, आणि तुमचा रिपोर्ट तर चांगला आहे. माझ्या आकड्यात चूक नव्हती, आजही नाही. पण तो कागद हातात धरून कुणीतरी दुकानदाराला "सुरक्षित आहे" म्हणून सांगत फिरत होतं, आणि त्या कागदावर मी तसं लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी मी एक ओळ हट्टाने घालत आले: या चाचणीत रंगपेशी तपासलेल्या नाहीत. दोनदा ती ओळ काढा म्हणून सांगण्यात आलं. मी काढली नाही.

एक काम आत्ताच करा. रिपोर्टचं पहिलं पान उघडा. नमुन्याचं नाव, लॉट नंबर आणि नमुना मिळाल्याची तारीख वाचा, आणि तुमच्या शीटच्या मागच्या छापाशी ताडून बघा.

रेणूरचना

पेट्रीडिश ताईंनी प्रयोगशाळेचं सांगितलं, मी भाच्याच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहितो. माझं रोजचं काम तेच, रेणूच्या आकृतीवरून त्याचा विषारीपणा अंदाजणं. सध्या हैदराबादला असतो, मूळचा पंढरपूरचा.

भाच्याला सांगा की "कक्षेबाहेर" याचा अर्थ "धोका नाही" असा नाही. सॉफ्टवेअर म्हणतंय, याच्यासारखं मी आधी काही पाहिलेलंच नाही, मला विचारू नका. हे प्रामाणिक उत्तर आहे. ओईसीडीने २००४ मध्ये अशा मॉडेलांसाठी पाच तत्त्वं ठरवली, त्यातलं तिसरं हेच, मॉडेलची कक्षा स्पष्ट सांगितलेली हवी. कक्षा न सांगता प्रत्येक रेणूला उत्तर देणारं मॉडेल असेल तर ते बंद करून ठेवा.

असं उत्तर का आलं? संगणक रसायन तपासत नाही. ज्यांच्या चाचण्या आधी झाल्यात अशा रेणूंशी तो नव्या रेणूची आकृती ताडून बघतो. भाच्याने टाकलं रेझिन. रेझिन म्हणजे एक रेणू नव्हे, लांब-आखूड साखळ्यांचा गुंता. त्याची एकच एक आकृती काढता येत नाही आणि बहुतेक मॉडेलं त्यासाठी बनलेलीच नाहीत. शिवाय लांब साखळ्या कातडीतून आत जाणं अवघड. आत जातो तो रेझिन बनवताना उरलेला सुटा कच्चा माल. म्हणून आकृती पीटीबीपीची टाकायची. त्याचा सीएएस नंबर, म्हणजे रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, ९८-५४-४.

ती आकृती कागदावर काढून बघा. एक षटकोनी कडी, एका टोकाला ओएच, बरोबर समोरच्या टोकाला कार्बनचा झुपका. आता त्याच्या शेजारी टायरोसिन काढा. ज्यापासून आपलं शरीर कातडीचा रंग बनवतं तो हा रेणू. तीच कडी, एका टोकाला ओएच, समोर शेपूट. रंगपेशीत टायरोसिनेज नावाचं विकर असतं, ते टायरोसिन उचलून त्याचा रंग बनवायला घेतं. सारखा दिसणारा दुसरा रेणू आला तर ते त्यालाही धरायला जातं, आणि काही वेळा त्यातून पेशीलाच मारणारा पदार्थ तयार होतो. तो त्याच पेशीत तयार होतो, म्हणून मरतातही रंगपेशीच, शेजारच्या पेशी धडधाकट राहतात. पीटीबीपीची गोष्ट याहून जरा गुंतागुंतीची आहे, त्यात पेशीवर येणारा ऑक्सिडेशनचा ताणही मोठा असतो, पण आकृतीतली खूण हीच.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण जपानचं. रोडोडेनॉल नावाचा पदार्थ गोरेपणाच्या क्रीममध्ये २ टक्के घालायला तिथल्या सरकारने २००८ मध्ये परवानगी दिली. २०१३ च्या जुलैमध्ये सगळी क्रीमं बाजारातून परत मागवावी लागली. १९ हजारांहून अधिक जणांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग आले होते. नियमाप्रमाणे लागणाऱ्या चाचण्या झालेल्या होत्या. नंतरच्या संशोधनात दिसलं की टायरोसिनेज रोडोडेनॉलचं क्विनोन नावाचं जहाल रसायन बनवतं आणि ते रंगपेशींना मारतं.

मला यातली खरी खंत वेगळीच वाटते. रोडोडेनॉलचा सख्खा भाऊ म्हणावा असा रेणू म्हणजे रासबेरी केटोन. दोघांत फरक इतकाच की एकात अल्कोहोल, दुसऱ्यात केटोन. रासबेरी केटोन बनवणाऱ्या कामगारांच्या अंगावर पांढरे डाग आल्याचं जपानमध्येच १९९८ साली छापून आलं होतं. शेजाऱ्यावरून अंदाज बांधण्याची पद्धत आमच्या कामात रोजची आहे. दोन आकृत्या शेजारी ठेवून कुणी "याच्या भावाने काय केलं होतं?" एवढं विचारलं असतं, तर निदान रंगपेशींवर चाचणी करायचं सुचलं असतं. त्यासाठी मोठं यंत्रही लागत नाही. ओईसीडीचं क्यूएसएआर टूलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेचं 'वेगा' नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. पण त्यातल्या यादीत कॅन्सर, ॲलर्जी, माशांवरचा परिणाम सगळं सापडेल, "रंग जाणं" नावाचं तयार बटण सापडणार नाही. तो प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

कातडीतून किती आत जाईल याचं गणितही आहे. पॉट्स आणि गाय यांनी १९९२ मध्ये एक समीकरण दिलं, रेणूचं वजन आणि त्याची तेलात विरघळण्याची ओढ एवढ्या दोन गोष्टींवरून. पीटीबीपीचं वजन १५० आणि तेलाची ओढ चांगली, त्यामुळे समीकरण म्हणतं की हा रेणू कातडीतून सहज जाईल, तासाला सुमारे ०.०५ सेंटिमीटर. पण हे समीकरण नव्वदच्या आसपास रसायनांवरून आणि पाण्यातल्या द्रावणावरून बांधलेलं आहे. टिकलीत पाणी नाही, गम आहे, आणि गम रसायन धरूनही ठेवतो. म्हणून माझ्या आकड्याने "जाऊ शकतं" एवढंच ठरवा. "किती जातं" ते प्रत्यक्ष मोजायला लागेल, आणि ते पेट्रीडिश ताई सांगतील.

बार्शीची_सून

तुम्हा तिघांचं वाचून मी रिपोर्टचं पहिलं पान उघडलं. आधी कधीच उघडलं नव्हतं, सरळ शेवटचं "पास" बघितलं होतं.

नमुना मिळाल्याची तारीख २०१९ ची आहे. नमुन्याचं नाव "ॲक्रिलिक गम, पांढरा". माझ्या शीटा गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या. आणि आमचा गम पांढरा नाहीच, पिवळसर मधासारखा आहे, वासही जरा उग्र येतो. आधीच्या शीटांना असा वास नव्हता, हे आत्ता लिहिताना जाऊबाई म्हणाल्या. आम्ही सगळ्याजणी म्हणायचो की नवीन गम छान धरतो, टिकली पडत नाही.

व्यापाऱ्याला परत फोन केला. म्हणाला, "फॉर्म्युला बदललाय, पण टेस्ट त्याच लागू होतात." एसडीएस, म्हणजे रसायनाच्या सुरक्षिततेचा माहितीकागद, पाठवला त्यात "फिनॉलिक रेझिन" एवढंच आहे, सीएएस नंबरच्या जागी "व्यापारी गुपित".

आणखी एक गोष्ट कालपासून मनाला लागून राहिली आहे. आमच्यातल्या एकीच्या अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची टोकं फिकट दिसतात. ती रिलीज पेपर सोलून खडे लावायचं काम करते. ती म्हणते, "सोड्याने झालं असेल." मी तिलाही डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.

पेट्रीडिश

ताई, "टेस्ट त्याच लागू होतात" हे चूक आहे. तो रिपोर्ट दुसऱ्याच पदार्थाचा आहे. ॲक्रिलिक गम आणि फिनॉलिक रेझिनचा गम यांची रसायनं वेगळी. मधासारखा रंग आणि धरून ठेवण्याची ताकद यावरून पीटीबीपीचं रेझिन असावं असा संशय येतो. पण वासावरून आणि रंगावरून मी रसायन ठरवणार नाही. मोजू या.

चकत्यांची महागडी चाचणी आत्ता करू नका. पहिली पायरी साधी आहे. पन्नास टिकल्या कृत्रिम घामात, म्हणजे मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरियाच्या पाण्यात, ३७ अंशांवर २४ तास ठेवायच्या आणि त्या पाण्यात सुटा पीटीबीपी किती उतरला ते एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. दुसऱ्या पन्नास टिकल्यांचा गम सॉल्व्हंटमध्ये विरघळवून एकूण किती आहे ते मोजायचं. तुलनेला तुमच्या जुन्या शीटच्या टिकल्या असतील तर त्याही द्या. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत करा आणि पाठवण्याआधी त्यांना विचारा: पीटीबीपी किती खालपर्यंत मोजता येतो? नाहीतर "आढळला नाही" असं उत्तर येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

आकडा आला की गणित असं मांडायचं. समजा एका टिकलीवर ३ मिलिग्रॅम गम आहे आणि त्यात सुटा पीटीबीपी ०.१ टक्के. म्हणजे ३ मायक्रोग्रॅम. हा आकडा साठ किलोच्या बाईच्या वजनाने भागला तर किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम येतो, आणि कुणीही म्हणेल की एवढ्याने काय होतंय. पण तो अंगभर पसरत नाही. १२ मिलिमीटरच्या टिकलीचं क्षेत्र १.१३ चौरस सेंटिमीटर. सगळं तिथेच. रोज नवी टिकली धरली तर वर्षाला एक मिलिग्रॅमहून जास्त, त्याच नाण्याएवढ्या जागेवर. त्वचेच्या बाबतीत भागाकार वजनाने नाही, चौरस सेंटिमीटरने करायचा. हे न करणारे रिपोर्ट मी खूप पाहिलेत. वरचे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमचे मोजूनच कळतील.

पीटीबीपी निघाला तर पुढची पायरी रंगपेशींची. मेलॅनोसाइट एका ताटलीत, केरॅटिनोसाइट दुसऱ्या ताटलीत, दोन्हींना तेच रसायन वाढत्या मात्रेने द्यायचं. रंगपेशी खूप कमी मात्रेला मरू लागल्या तर तो इशारा. मेलॅनोसाइट घातलेल्या चकत्याही मिळतात. दोन-तीन आठवड्यांत त्या सावळ्या होत जातात, आणि रसायनाने रंग थांबला तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पण हे गम बनवणाऱ्याने करायचं काम आहे, त्याचा खर्च तुमच्या आठ जणींवर पडता कामा नये.

खडे लावणाऱ्या ताईंना आजपासून नायट्राइलचे हातमोजे द्या. रबरी नकोत.

नागपूरकर_त्वचा

दोघींनाही एकाच डॉक्टरांना दाखवा आणि एकाच जागी काम करतात हे आवर्जून सांगा. दोन रुग्ण, एक गम, ही माहिती डॉक्टरांसाठी फार मोलाची आहे. दोघींच्या डागांचे फोटो आज काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात. तीन महिन्यांनी तुलना करायला लागतील.

बार्शीची_सून

आज एवढं केलं.

घरातल्या सगळ्या पिवळ्या गमच्या शीटा मोजल्या, एकशे अठरा भरल्या. जुन्या साडीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि पेटीवर लॉट नंबर लिहिला. जुन्या गमच्या दोन शीटा जाऊबाईंच्या कपाटात सापडल्या, त्या तुलनेसाठी काढून ठेवल्यात. अकरा दुकानदारांना फोन करून दिवाळीनंतरची पाकिटं वेगळी काढायला सांगितली. नऊ जणांनी हो म्हटलं. दोघांनी विचारलं, "रिपोर्ट तर पास आहे ना?" त्यांना मी पहिल्या पानाचा फोटो पाठवला.

व्यापाऱ्याला पत्र टाकलं, भाच्याने लिहायला मदत केली. गममधल्या प्रत्येक घटकाचा सीएएस नंबर, आमच्या लॉटमधल्या सुट्या पीटीबीपीचा आकडा, आणि बदललेल्या गमवर रंगपेशींची चाचणी झाली आहे का, या तिन्हींची उत्तरं लेखी मागितली आहेत. उत्तर येईपर्यंत पंच मशीन बंद. श्रावणाच्या ऑर्डरी जातील, त्याला इलाज नाही. टिकल्या पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या आहेत, त्यांनी बारा दिवस सांगितलेत.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली, दोघींची एकत्र. सासूबाईंना मी नागपूरच्या डॉक्टरांचं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या एकेक करून काढल्या, सात निघाल्या, कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे दिल्या. म्हणाल्या, "ह्याही पाठव तपासायला." मग पदर घेतला आणि मोकळ्या कपाळाने भगवंताच्या देवळात जाऊन आल्या.

निकाल आला की इथेच टाकते.